सजीवांचे ‘चलन’ शोधणारा सुब्बाराव

धावणाऱ्याचा स्नायू, उन्हातले हिरवे पान, पाव फुगवणारे यीस्ट आणि आतड्यातील जिवाणू. ऊर्जा मिळवण्याच्या यांच्या वाटा निरनिराळ्या. पण मिळालेली ऊर्जा सारे एकाच रेणूच्या रूपाने खर्च करतात. अ‍ॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट, अर्थात एटीपी, हे चयापचयाचे सार्वत्रिक चलन. परीक्षेसाठी हे नाव घोकणाऱ्या किती विद्यार्थ्यांना डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव ठाऊक असतात?

आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेल्या सुब्बाराव यांनी मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेतले. गांधीजींच्या हाकेला ओ देऊन ते खादी वापरू लागले. त्यामुळे इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली आणि पूर्ण पदवीऐवजी कनिष्ठ प्रमाणपत्रावर त्यांची बोळवण झाली, असे सांगितले जाते. थोरला भाऊ ‘स्प्रू’ या पचनाच्या विकाराने दगावला होता. १९२२ मध्ये पत्नीला मागे ठेवून सुब्बाराव बोस्टनला निघाले. तेथे पोटासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामेही केली.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासह त्यांनी फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवली. द्रावणाला येणारा निळा रंग जितका गडद, तितका फॉस्फरस अधिक. १९२५ साली प्रसिद्ध झालेली ही साधी युक्ती पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत रुजली. स्नायूंचे बळ लॅक्टिक आम्लाच्या निर्मितीतून येते, असा तेव्हाचा समज होता. स्नायूंवरील कामासाठी हिल आणि मायरहोफ यांना १९२२ चे नोबेलही मिळाले होते. फिस्क-सुब्बाराव जोडीला मात्र स्नायूत फॉस्फोक्रिएटिन सापडले. स्नायू आकुंचन पावला की ते घटते, विसावला की पुन्हा भरते. पाठोपाठ १९२९ मध्ये त्यांनी एटीपी वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे ते शोधले, हे नमूद करायलाच हवे. या रेणूची सर्वव्यापी भूमिका फ्रिट्झ लिपमान यांनी १९४१ मध्ये मांडली.

एटीपीतील शेवटचा फॉस्फेट सुटला की ऊर्जा मोकळी होते. तो पुन्हा जोडला की नाणे परत वापरायला तयार. प्राणवायूविना जगणारे यीस्ट ग्लुकोजच्या एका रेणूतून अशी दोनच नाणी कमावते, तर प्राणवायू वापरणारी आपली पेशी सुमारे तीस. पान तीच नाणी सूर्यप्रकाशावर पाडते. माणसाच्या शरीरात एका वेळी जेमतेम काही तोळे एटीपी असते, पण दिवसभरात त्याची उलाढाल जवळपास शरीराच्या वजनाइतकी भरते!

एवढे होऊनही हार्वर्डने सुब्बाराव यांना कायम नेमणूक दिली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली कंपनीत गेले. त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनवले. भावाचा बळी घेणाऱ्या स्प्रूवर ते गुणकारी ठरले. त्याच आम्लाला शह देणारे अमिनोप्टेरिन त्यांनी सिडनी फार्बर यांना पुरवले आणि रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांचा आजार, काही काळ का होईना, प्रथमच मागे हटला. हत्तीरोगावरील हेट्राझान हे औषधही याच प्रयोगशाळेतले.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे त्यांचे निधन झाले. मायदेशी ते एकदाही परतले नव्हते. भारताने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले, ते १९९५ साली.