नोकुतेलाबाई डुबे

शाळेचे नाव निघाले की आपण संस्थापकाचे नाव घेतो. त्यांच्या पत्नीचे नाव सहसा कोणी विचारीत नाही. दक्षिण आफ्रिकेतील ओहलांगे येथील शाळा जॉन डुबे यांच्या नावाने जगाला ठाऊक आहे. पण ती दोघांनी उभारली. त्यातल्या दुसऱ्या, नोकुतेलाबाई, यांची ही हकीकत.

नाताळ प्रांतात डर्बन शहराच्या उत्तरेला इनांडा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे १८७३ साली एका ख्रिस्ती झुलू घरात त्यांचा जन्म झाला. अमेरिकन मिशनच्या मुलींच्या निवासी शाळेत त्या शिकल्या आणि पुढे तेथेच शिक्षिका झाल्या. १८९४ साली जॉन यांच्याशी लग्न झाले. १८९६ साली दोघे अमेरिकेला गेले. तेथे नीग्रो पुढारी बुकर वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी येथील शाळेचा जॉन यांच्यावर फार परिणाम झाला. पुस्तकाबरोबर हाताला धंदा शिकवायचा, ही तेथील रीत. तशीच शाळा आपल्या लोकांसाठी काढायची, असे दोघांनी ठरविले. पैसा हवा होता. जॉन व्याख्याने देत आणि नोकुतेलाबाई झुलू गाणी गात. त्यांचा गळा गोड होता.

१९०१ साली इनांडाजवळ ओहलांगे येथे मुलग्यांची शाळा व वसतिगृह सुरू झाले. काळ्या माणसाने स्वतः काढलेली त्या देशातील ही पहिली शाळा मानतात. सुतारकाम, चांभारकाम, शेती, छपाई असे शिक्षण तेथे मिळे. नोकुतेलाबाई शिवणकाम, स्वयंपाक, गाणे शिकवीत. शाळेचा गायनवृंद त्यांनी तयार केला. आज त्या देशाच्या राष्ट्रगीतात असलेले ‘नकोसी सिकेलेल’ हे गीत लोकांपर्यंत पोचविण्यात या वृंदाचा मोठा वाटा होता. १९११ साली पतिपत्नींनी मिळून झुलू गाण्यांचे पुस्तकही छापले. पुढे तेथे मुलींनाही प्रवेश मिळाला.

१९१२ साली जॉन, पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून नावारूपास आलेल्या संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी आपले नामदार गोखले गांधीजींबरोबर ही शाळा पाहावयास आले होते. गांधीजींचा फिनिक्स आश्रम तेथून जवळच होता. मुलांनी पाहुण्यांना झुलू गाणी ऐकविली.

एवढे सारे चालले असता घरात मात्र सुख नव्हते. त्यांना मूल झाले नाही. पुढे पतिपत्नींत दुरावा आला आणि नोकुतेलाबाई नाताळ सोडून ट्रान्सवालात राहू लागल्या. १९१७ साली जोहान्सबर्गला त्या वारल्या. वय जेमतेम चव्वेचाळीस. कबरीवर नाव नव्हते, नुसता क्रमांक होता.

जॉन डुबे १९४६ साली वारले. त्यांची कबर ओहलांगेला आहे. २७ एप्रिल १९९४ रोजी नेल्सन मंडेला यांनी आयुष्यातले पहिले मत याच शाळेत दिले आणि त्या कबरीचे दर्शन घेतले. नोकुतेलाबाईंच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो २०१३ साली, म्हणजे ९६ वर्षांनी. मूळच्या मालीच्या एका प्राध्यापकांनी शोध घेतला म्हणून. २०१७ साली सरकारने त्यांना मरणोत्तर मोठा किताब दिला.

मान मिळाला, पण फार उशिरा. आपल्या मंडळातही सतरंज्या घालणाऱ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या, गाणी बसविणाऱ्या बाया आहेत. त्यांची नावे आपण आजच वहीत लिहून ठेवू या. शंभर वर्षांनी कोणी शोधीत येईल, या भरवशावर राहू नये.