फ्रायबाईंचे गाठोडे

थोर लोकांची चरित्रे वाचताना त्यांच्या मोठ्या कृत्यांनी आपले डोळे दिपून जातात, आणि असे काही आपल्या हातून व्हावयाचे नाही असे म्हणून आपण पुस्तक मिटतो. यास्तव आज आम्ही ज्या बाईंची हकीकत सांगणार आहो, त्यांच्या लहान कृत्यांकडेच वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे.

एलिझाबेथ फ्राय यांचा जन्म इंग्लंडातील नॉरिच शहरी ता. २१ मे १७८० रोजी झाला. त्यांचे वडील पेढीवाले असून क्वेकर पंथाचे होते. बाई बारा वर्षांच्या असता त्यांची आई वारली. सन १८०० मध्ये जोसेफ फ्राय यांजबरोबर लग्न होऊन त्या लंडनास आल्या. पुढे त्या अकरा लेकरांची आई झाल्या. तेव्हा घरी कामाचा तोटा होता असे कोणी म्हणू नये.

सन १८१३ मध्ये स्टीफन ग्रेलेट नामक उपदेशकाने न्यूगेट तुरुंगातील स्त्रियांची दशा त्यांच्या कानी घातली, तेव्हा बाई स्वतः तेथे गेल्या. सुमारे तीनशे स्त्रिया आपल्या पोराबाळांसह दाटीवाटीने कोंडलेल्या होत्या. स्वयंपाक, धुणे, निजणे सर्व एकाच जागी. कोणाचा न्याय व्हावयाचा होता, तर कोणाची फाशी ठरलेली होती. शिक्षा माफ करणे किंवा कायदा फिरवणे बाईंच्या हाती नव्हते. परंतु उघडी तान्ही मुले थंडीने कुडकुडत आहेत हे त्यांनी पाहिले. त्यांनी मुलांसाठी उबदार कपडे आणि आजाऱ्यांच्या अंगाखाली घालावयास पेंढा नेला. त्यांच्या पुढील सर्व कार्याचा आरंभ एवढाच होता.

काही वर्षे घरच्या अडचणींत गेली. सन १८१६ च्या अखेरीस त्या पुन्हा न्यूगेटास गेल्या व मुलांसाठी शाळा काढावी काय, असे त्यांनी त्या आयांसच विचारले. शिक्षिका बंदिवान स्त्रियांनी आपल्यांतूनच निवडली. सन १८१७ मध्ये काही बायांची मंडळी स्थापन होऊन शिवणकाम सुरू झाले. वागणुकीचे नियमही त्या स्त्रियांपुढे ठेवून त्यांची संमती घेतली जाई. ज्यांस कोणी काही विचारीत नसे, त्यांस विचारणे हीही मोठी दया होती.

त्या काळी पुष्कळ स्त्रियांस ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडीत. त्यांस उघड्या गाड्यांतून बंदरावर नेत, आणि रस्त्यावरचे लोक त्यांची टर उडवीत. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री त्या दंगा करून खिडक्या फोडीत. सन १८१८ मध्ये फ्रायबाईंनी बंद गाड्या मागून घेतल्या व आपण त्यांच्या सोबत गेल्या. त्या खेपेस स्त्रिया शांतपणे निघाल्या.

पुढे गलबतावर प्रत्येकीस एक गाठोडे मिळू लागले. त्यात पवित्र शास्त्र, अंगावर बांधावयाचे पदर, सुया, दोरा आणि कापडाचे पुष्कळसे तुकडे असत. प्रवास कित्येक महिन्यांचा. त्या अवधीत तुकडे जोडून गोधडी शिवावी व ती विकून परक्या मुलखात चार पैसे हाती घ्यावे, असा हेतु होता. सन १८४१ मध्ये 'राजा' नामक गलबतावरील स्त्रियांनी अशीच एक मोठी गोधडी शिवली. तीत २,८०० हून अधिक तुकडे आहेत. ती त्यांनी विकली नाही. गाठोडी देणाऱ्या बायांचे आभार तीवर दोऱ्याने भरून ती त्यांसच अर्पण केली. आज ती ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहात जतन केलेली आहे. ज्यांजपाशी देण्यासारखे काही उरले नाही असे जगाने ठरविले होते, त्याही देणाऱ्या झाल्या.

मोठी कामेही या लहान कामांतूनच निघाली. सन १८१८ मध्ये पार्लमेंटच्या समितीने बाईंची साक्ष घेतली, आणि सन १८२३ च्या कायद्याने बंदिवान स्त्रियांवर स्त्रियाच पहारेकरी नेमण्याचे ठरले. फ्रायबाई ता. १२ आक्टोबर १८४५ रोजी रॅम्सगेट येथे निवर्तल्या.

कायदा आपल्या हाती नाही, पैसा नाही, ही सबब आपण सर्वच सांगतो, आणि ती बहुधा खरीही असते. परंतु शेजारच्या लेकराच्या अंगावर कपडा आहे की नाही हे पाहावयास कायदा लागत नाही. फ्रायबाईंनी जे हाती नव्हते त्याच्या सबबीवर जे हाती होते ते टाळले नाही. आमच्या वाचकांच्या घरी सुई, दोरा व जुन्या लुगड्याचे तुकडे खचितच असतील.