विश्लेषण : गिझरचे बिल, बंबाचा जाळ आणि काउंट रम्फर्ड… तापवलेली उष्णता जाते कुठे?

दिवाळीतली पहिली अंघोळ झाली की कोल्हापुरात पहाटेचा गारठा जाणवू लागतो. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान 14-15 अंशांच्या आसपास येते. युरोपसारख्या खोल्या तापवण्याची वेळ इथे येत नाही. खर्च होतो तो अंघोळीच्या पाण्यावर. बहुतेक घरांतला बंब माळ्यावर गेला, गिझर आला आणि त्याच्याबरोबर विजेच्या बिलाची धास्तीही. महिन्याचा वापर 100 किंवा 300 युनिटची पायरी ओलांडून गेला की पुढच्या युनिटचा दर चढतो.

पैसे मोजून तयार केलेली उष्णता नेमकी कुठे जाते, या एका प्रश्नाचा पिच्छा सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने आयुष्यभर पुरवला. काउंट रम्फर्ड हे त्याचे नाव. तोफेला भोक पाडताना निघणाऱ्या उष्णतेच्या प्रयोगामुळे ते शाळेच्या पुस्तकांत येते. त्याचे चुलीवरचे काम मात्र फारसे सांगितले जात नाही.

कोण होता रम्फर्ड?

मूळ नाव बेंजामिन थॉम्पसन. जन्म 26 मार्च 1753, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी, शेतकऱ्याच्या घरात. वडील लहानपणीच गेले. दुकानात उमेदवारी, मग शाळामास्तरकी असे करत 1772 मध्ये त्याने स्वतःपेक्षा वयाने मोठ्या, श्रीमंत विधवेशी लग्न केले. दोन वर्षांनी मुलगी झाली, सारा.

तेवढ्यात अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. थॉम्पसन इंग्रजांच्या बाजूने गेला आणि अदृश्य शाईने लिहून त्यांना बातम्या पुरवू लागला. 1776 मध्ये इंग्रज फौज बोस्टनमधून निघाली, तसा तोही बायको-मुलीला मागे टाकून लंडनला निघून गेला. पत्नीची त्याची पुन्हा कधी भेट झाली नाही. हुशार, कामाचा, पण स्वार्थी आणि अहंकारी अशीच त्याची ओळख चरित्रकारांनी करून दिली आहे, आणि ती अन्यायाची वाटत नाही.

लंडनमध्ये सरकारी पद, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, राजाकडून ‘सर’ ही पदवी, असे सगळे त्याने झटपट मिळवले. तिथून तो बव्हेरियाच्या सत्ताधीशाच्या नोकरीत म्युनिकला गेला.

घोंगडे ऊबदार का असते?

म्युनिकमध्ये त्याच्याकडे लष्कराची फेररचना आली. सैनिकांना थंडीत कोणते कापड द्यायचे, हा अगदी व्यवहारी प्रश्न होता. थॉम्पसनने तापमापी एका काचेच्या फुग्यात बसवली, तिच्याभोवती लोकर, कापूस, रेशीम, सशाचे केस, पक्ष्यांची पिसे असे एकेक भरले, ते गरम केले आणि बर्फात ठेवून थंड व्हायला किती वेळ लागतो ते मोजले. फुग्यात नुसती हवा असताना लागणाऱ्या वेळापेक्षा चिमूटभर लोकर किंवा पिसे भरल्यावर जवळपास दुप्पट, कधी त्याहूनही अधिक वेळ लागला.

इतक्याशा लोकरीने एवढा फरक कसा पडतो? ऊब केवळ लोकरीची नसते, तर तंतूंमध्ये अडकून बसलेल्या हवेची असते, हे त्याचे उत्तर. मोकळी हवा फिरते आणि उष्णता घेऊन जाते. अडकलेल्या हवेला ते जमत नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत धनगरांच्या खांद्यावर दिसणारे जाडेभरडे घोंगडे ऊब देते ते याच कारणाने. या कामाबद्दल त्याला 1792 मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले.

शिजवलेल्या सफरचंदाचे घट्ट सारण इतका वेळ तोंड भाजेल असे गरम कसे राहते, याचेही त्याला कोडे पडले होते. पिठल्याने जीभ पोळून घेतलेल्या कोणालाही ते समजेल. पातळ पदार्थ आतल्या आत वर-खाली फिरून निवतो, घट्ट पदार्थाला फिरता येत नाही.

भिकाऱ्यांचे स्वयंपाकघर

1 जानेवारी 1790 रोजी त्याने म्युनिकच्या रस्त्यांवरचे भिकारी सैनिकांकरवी गोळा करून एका कामशाळेत नेले. तिथे त्यांना काम, मजुरी आणि जेवण मिळे. ते सैन्याचे कपडे शिवत. पकडून आणून कामाला लावण्याचा हा प्रकार आज खटकतो. पण रोज शेकडो माणसांना कमीत कमी लाकडात जेवू घालायचे, या गरजेतून पुढे जे झाले ते मोलाचे होते. जव, वाटाणे, बटाटे, शिळा पाव आणि थोडा आंबटपणा असे त्याचे स्वस्त सूप पुढे युरोपभर अन्नछत्रांत पोचले.

त्या काळी मोठ्या घरांतही उघड्या जाळावर भांडी टांगून स्वयंपाक होई. भांड्यापेक्षा भिंत, धुराडे आणि स्वयंपाकी यांनाच जास्त आच लागे. थॉम्पसनने विटांचा बंद ओटा बांधला, भांडी त्यात खोल बसवली, प्रत्येकाखाली वेगळा छोटा जाळ ठेवला आणि हवा कमी-जास्त करायला झडप दिली.

कोल्हापूरच्या वाचकाला हे नवे वाटणार नाही. गुऱ्हाळावरचे चुलवण जमिनीत असते, त्याचे तोंड काहिलीने पुरते झाकलेले असते, चिपाडाचा जाळ काहिलीच्या बुडाला चाटत जातो आणि मगच धुराड्याची वाट धरतो. तीन दगडांच्या चुलीवर तेवढ्याच जळणात तेवढा रस आटणार नाही. तांब्याच्या बंबातही जाळाची नळी पाण्याच्या मधोमध असते. आच बाजूला निघाली तरी वाटेत पाणीच भेटते. या दोन्ही रचनांचा थॉम्पसनशी संबंध जोडण्याचे कारण नाही. जळण महाग पडले की माणसे कुठेही अशाच युक्तीपर्यंत येतात.

लंडनची धुरकट दिवाणखाने

बव्हेरियात त्याला काउंट ही पदवी मिळाली आणि पहिल्या लग्नाच्या गावाचे जुने नाव, रम्फर्ड, त्याने त्यासाठी निवडले. 1795-96 मध्ये लंडनला परतल्यावर तो घरांच्या शेकोट्यांकडे वळला. खोल, रुंद शेकोटी, वर माणूस मावेल एवढे धुराडे. कोळशाची बहुतांश उष्णता सरळ आकाशात, धूर मात्र खोलीत. शिवाय धुराडे खोलीतली गरम हवा ओढून घेई आणि दार-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येई. म्हणजे जाळ मोठा केला की पाठ अधिकच गारठे.

रम्फर्डने शेकोटी उथळ केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या म्हणजे आच खोलीकडे परावर्तित होईल, आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. चार विटा आणि गवंड्याचे थोडे काम. त्याचे पेटंट त्याने घेतले नाही, उलट कृती छापून प्रसिद्ध केली. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ या कादंबरीतही रम्फर्ड शेकोटीचा उल्लेख आहे.

त्याने गळा अरुंद केला, बंद केला नाही, हे इथे महत्त्वाचे. थंडी आत येऊ नये म्हणून न्हाणीघराची खिडकी लावून घ्यायची आणि आत गॅस गिझर चालवायचा, किंवा दारे बंद करून निखाऱ्यांची शेगडी उशाशी ठेवायची, हे जीवघेणे ठरते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. तिथे उष्णता वाचवायची नाही. हवा खेळतीच ठेवायची. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर बसवणे उत्तम.

मग बिल कुठे वाचते?

15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.7 युनिट वीज लागते. त्यात गिझर काही जादू करू शकत नाही. वाचवता येते ती गळती. टाकीतले पाणी भोवतालापेक्षा जितके जास्त गरम, तितकी गळती जास्त. न्हाणीघर 20 अंशांवर असेल, तर 65 अंशांऐवजी 50 अंशांवर पाणी ठेवल्यास ती सुमारे एक तृतीयांशाने घटते. रात्रभर बटण चालू ठेवण्यापेक्षा अंघोळीआधी थोडा वेळ लावणे म्हणूनच परवडते.

गिझर आणि गच्चीवरच्या सोलरच्या टाकीभोवती फोमचा थर असतो. ही रम्फर्डचीच अडकलेली हवा, फक्त कारखान्यात तयार केलेली. पण गच्चीवरून खाली येणारा पाइप अनेक घरांत उघडाच असतो आणि पहिली बादली गार येते. त्या पाइपवर फोमचे आवरण चढवणे हा कमी खर्चाचा उपाय आहे. बादली भरून ठेवायची असेल तर झाकावी. उघडे गरम पाणी वाफेवाटे झपाट्याने निवते.

चिंचेने घासून लखलखीत केलेल्या बंबाचाही फायदा असतो. काजळी धरलेल्या भांड्यापेक्षा चकचकीत धातू उष्णतेचे किरण कमी बाहेर टाकतो, हे रम्फर्डने प्रयोगाने दाखवले होते.

तोफ, संस्था आणि दुसरे लग्न

उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, असे तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ मानत. म्युनिकच्या शस्त्रागारात घोड्यांच्या बळावर तोफेला भोक पाडताना रम्फर्डने घर्षणावरच पाणी उकळून दाखवले. घर्षण चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते, तेव्हा ती द्रव नसून गतीच असली पाहिजे, असा निष्कर्ष त्याने 1798 मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना झाली, त्यात त्याचा पुढाकार होता. तरुण हम्फ्री डेव्हीला 1801 मध्ये तिथे त्यानेच नेमले.

तो चुकलाही. थंडीचेही वेगळे किरण असतात, असे त्याला वाटे, आणि शरीराची उष्णता टिकावी म्हणून तो हिवाळ्यात पांढरे कपडे घालून फिरे. कपड्याच्या रंगाने तसा फरक पडत नाही.

1805 मध्ये पॅरिसला त्याने मारी-आन लाव्हाझिएशी लग्न केले. तिचे पहिले पती, थोर रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए, हे त्याच ‘उष्णता-द्रवा’चे नाव रूढ करणारे, त्यांना 1794 मध्ये गिलोटिनवर चढवले गेले होते. हा संसार टिकला नाही. तिच्या पाहुण्यांना आत घ्यायचे नाही म्हणून एकदा त्याने फाटकाला कुलूप लावले, तेव्हा तिने त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले. 1809 मध्ये दोघे वेगळे झाले.

शेवटची वर्षे त्याने पॅरिसजवळच्या ऑतेईला काढली. मोठी झालेली सारा त्याच्याकडे येऊन राही. 21 ऑगस्ट 1814 रोजी तो तिथेच वारला. मालमत्तेतून हार्वर्डला अध्यापकपदासाठी निधी गेला. उष्णता आणि प्रकाशावरील संशोधनासाठी त्याने रॉयल सोसायटीला दिलेल्या देणगीतून रम्फर्ड पदक सुरू झाले. पुढे ते फॅरेडे आणि मॅक्सवेल यांनाही मिळाले. 1800 मध्ये दिलेल्या पहिल्या पदकाचा मानकरी होता स्वतः रम्फर्ड.