भाडं गोळा करणाऱ्या ऑक्टेव्हियाबाई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा चिटणीसांचा आग्रह झाला. आयुष्यभर बँकेत गृहकर्जाच्या फायली चाळल्या, कविता-बिविता आपल्याला जमायची नाही. म्हणून घर आणि भाडं याच विषयावर, एका इंग्रज बाईंबद्दल लिहितो. निवृत्तीनंतर मी आपल्याच सोसायटीत भाड्याने देण्यासाठी दुसरा फ्लॅट घेतला. त्याआधी ही हकीकत वाचली असती, तर एक चूक टळली असती.

ऑक्टेव्हिया हिल यांचा जन्म ३ डिसेंबर १८३८ रोजी इंग्लंडमधल्या विस्बीच गावी झाला. वडील धान्याचे व्यापारी, पण बाई अगदी लहान असतानाच त्यांचं दिवाळं निघालं. आईनेच संसार ओढला. चौदाव्या वर्षी ऑक्टेव्हियाबाई लंडनमध्ये खेळणी बनवणाऱ्या गरीब मुलांच्या कामावर देखरेख करू लागल्या. ही मुलं कसल्या कोंदट खोल्यांत राहतात, ते त्यांनी तेव्हा पाहिलं.

पुढे प्रसिद्ध लेखक जॉन रस्किन यांना त्या चित्रांच्या नकला करून देत. रस्किनना वडिलांची मोठी संपत्ती मिळाली होती. १८६५ मध्ये त्यांनी मॅरिलेबोन भागातल्या पॅरॅडाइज प्लेस इथली तीन घरं, ५६ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, ७५० पौंडांना घेतली आणि बाईंच्या हाती दिली. अट एकच, गुंतवणुकीवर वर्षाला ५ टक्के सुटले पाहिजेत.

नाव स्वर्गाचं, पण अवस्था नरकाची. जिन्याचे कठडे जळणासाठी तोडलेले, गिलावा पडलेला, गळतीखाली बादली ठेवलेली. खिडक्यांच्या १९२ काचांपैकी ८ धड होत्या! बाईंनी रंगरंगोटीपासून सुरुवात केली नाही. आधी गटारं, पाणी आणि छप्पर. मग जी खोली रिकामी होईल, ती साफ करून चुना लावून द्यायची.

भाडं घ्यायला त्या दर आठवड्याला स्वतः दारोदार जात. थकबाकीला माफी नसे. भाडं थकवणाऱ्याला घर सोडावं लागे. पण ५ टक्के देऊन जे उरेल, ते मालकाच्या खिशात न जाता त्याच घरांवर खर्च व्हायचं, आणि कशावर ते भाडेकरूंना विचारून. साहजिकच मोडतोड कमी झाली, कारण वाचलेला पैसा आपल्याच सोयीसाठी येतो हे लोकांना कळलं. हाताला काम नसलेल्या भाडेकरूंना त्या दुरुस्तीची कामं देत, मोठ्या मुलींना जिने धुण्याचे पैसे देत. एवढं करून रस्किनचे ५ टक्केही सुटले. बँकवाल्याला हे विशेष वाटतं!

पुढच्याच वर्षी आणखी घरं घेतली, मुलांसाठी खेळायचं अंगण केलं. १८८४ पासून साउथवर्कमधल्या चर्चच्या मालमत्तेची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली. १८९५ मध्ये दोघा सहकाऱ्यांबरोबर त्यांनी नॅशनल ट्रस्ट स्थापन केला. १३ ऑगस्ट १९१२ रोजी त्या वारल्या. त्यांचं सगळंच पटतं असं नाही. बायकांना मताधिकार द्यायला त्यांचा विरोध होता. पण घरमालकाने कसं वागावं, ते त्यांच्याकडून शिकावं.

आता माझी चूक. फ्लॅट घेतला तेव्हा मी किचनचा ओटा नवा केला, रंग दिला, फॅन्सी दिवे लावले. बाथरूमच्या जुन्या पाइपांना हात लावला नाही. भाडेकरूने तीनदा सांगितलं, “काका, भिंतीला ओल येतेय.” मी म्हटलं, करार संपला की बघू. घरात तान्हं बाळ होतं. शेवटी खालच्या घरात पाणी टपकायला लागलं तेव्हा मी जागा झालो, तोवर ते कुटुंब सोडून गेलं होतं. दुरुस्तीला तिप्पट खर्च आला तो आला, पण त्या मुलाचा खोकला अजून कानात आहे. आता दरवर्षी एक महिन्याचं भाडं मी दुरुस्तीसाठी वेगळं ठेवतो.

आपली इमारत २५ वर्षांची झाली. येत्या सभेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय आहे. लॉबीच्या टाइल्स मागाहून बघू. आणि वरच्या मजल्यावर जे भाडेकरू आहेत, त्यांना सभेत मत नसलं तरी गळतं कुठे ते आधी त्यांना विचारू या. पावसाळ्यात बादल्या तेच लावतात.