टाकाऊतून टिकाऊ अर्थशास्त्र मांडणारे कुमारप्पा

यवतमाळ : कापसाची शेवटची वेचणी आटोपली की यवतमाळ जिल्ह्याच्या शिवारात वाळलेली पऱ्हाटी उरते. थोडी चुलीत जाते, बरीचशी शेतातच पेटवून दिली जाते. याच पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड तयार होऊ शकतात, हे मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने दाखवून दिले आहे. मात्र गावातला टाकाऊ माल हे गावाचे भांडवल आहे, हा विचार त्याहून जुना. वर्धा नदीच्या पलीकडे, वर्ध्याच्या मगनवाडीत डॉ. जे. सी. कुमारप्पा यांनी तो आचरणात आणला होता.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले कुमारप्पा मूळचे हिशेबनीस. लंडनमध्ये शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय थाटला. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकताना भारताच्या दारिद्र्याची कारणे त्यांना सरकारी जमाखर्चात सापडली आणि आयुष्याची दिशाच पालटली. १९२९ मध्ये साबरमतीला त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. सुटाबुटातला हा हिशेबनीस खादीधारी झाला.

१९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याची धुरा कुमारप्पांकडे आली आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत प्रयोग सुरू झाले. गवत, पेंढा, रद्दी यांपासून हातकागद तयार होऊ लागला. संघाचे साहित्य याच कागदावर छापले जाई. रॉकेलऐवजी गावच्या तेलावर जळणारा 'मगनदीप' तेथेच घडला. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

या खटाटोपामागे हिशेबनिसाची नजर होती. तेलबिया गावाबाहेर गेल्या की पेंडही जाते, हाडे परदेशी गेली की खत जाते आणि जमीन कर्जबाजारी होते, असा त्यांचा ताळेबंद होता. कोळसा, खनिज तेल ही साठवणीतली पुंजी. ती उपसून संपते. पीक, जंगल, शेण हे दरवर्षीचे उत्पन्न. त्यावरच संसार चालावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. 'छोडो भारत' आंदोलनात कारावास भोगताना जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या ग्रंथात त्यांनी हाच विचार मांडला.

स्वातंत्र्यानंतर देशाने मोठे कारखाने व रासायनिक खतांची वाट धरली. काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद भूषवूनही कुमारप्पा धोरणकर्त्यांपासून दुरावत गेले. वर्ध्याजवळच्या सेलडोह येथे काही काळ काम करून ते तामिळनाडूत परतले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, मद्रास येथे त्यांचे निधन झाले.

पऱ्हाटीला आज उद्योगाच्या दृष्टीने मोल आले आहे. ती भट्टीत वा कारखान्यात जाईल तेव्हा किमतीतला किती वाटा शेतकऱ्याच्या हाती पडेल आणि किती कस मातीत परतेल, हा कुमारप्पांचा हिशेब मात्र कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात अजून मिटलेला नाही.