रुडॉल्फ डिझेल : इंधनाचा हिशेब मांडणारा अभियंता

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद किंवा गुरुग्राम येथे नवी मोटार घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला किमतीइतकाच इंधनाचाही विचार करावा लागतो. पेट्रोल, डिझेल, हायब्रीड की विजेवर चालणारी मोटार, असे चार पर्याय त्याच्यासमोर असतात. त्यांतील एका पर्यायाला एका माणसाचे नाव आहे. कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त काम व्हावे, यासाठी रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने आयुष्य वेचले. त्याच्या नावाच्या इंजिनावर राजधानी क्षेत्रात वयाची मर्यादा आली, ती मात्र इंधन जास्त लागते म्हणून नव्हे. त्याच्या हिशेबात न धरलेली एक बाब दिल्लीच्या हवेने पुढे आणली.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे आईवडील मूळचे बव्हेरियातील. वडील कातड्याच्या वस्तू तयार करीत. घरची स्थिती बेताची होती. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधील जर्मन कुटुंबांना शहर सोडणे भाग पडले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथे पोट भरणे कठीण झाल्याने १२ वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे नातेवाइकांकडे पाठविण्यात आले. त्याच गावात त्यांनी तांत्रिक शिक्षण घेतले आणि पुढे त्याच गावात त्यांचे इंजिन आकाराला आले.

१८७५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते म्युनिक येथील तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले. शीतकरण यंत्रांचे जनक मानले जाणारे कार्ल फॉन लिंडे तेथे प्राध्यापक होते. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामी लावते आणि उरलेली उष्णता वाया जाते, हा त्यांच्या व्याख्यानांतून समजलेला मुद्दा डिझेल यांच्या मनात कायमचा घर करून राहिला. विषमज्वरामुळे त्यांची अंतिम परीक्षा लांबली, पण १८८० मध्ये त्यांनी उत्तम गुणांनी पदवी मिळविली. त्यानंतर लिंडे यांच्या उद्योगाचे काम पाहण्यासाठी ते पॅरिसला परतले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला तीन अपत्ये झाली.

बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांचे काम सांभाळत असताना डिझेल स्वतःचे इंजिन शोधत होते. प्रथम त्यांनी पाण्याच्या वाफेऐवजी अमोनियाची वाफ वापरून पाहिली. एका प्रयोगात स्फोट झाला आणि त्यांना दीर्घकाळ रुग्णालयात काढावा लागला. त्यानंतर त्यांनी वेगळा मार्ग धरला. हवा जोराने दाबली की ती तापते, हे सायकलच्या पंपाला हात लावणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. हवा पुरेशी दाबली, तर तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेईल आणि ठिणगीची गरज उरणार नाही, ही त्यांची कल्पना होती. पेट्रोल इंजिन आणि डिझेल इंजिन यांतील मूळ फरक आजही हाच आहे.

या कल्पनेचे एकस्व त्यांना २३ फेब्रुवारी १८९३ रोजी मिळाले. ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याने आणि क्रुप उद्योगसमूहाने प्रयोगांना पैसा पुरविला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये झालेल्या पहिल्या चाचणीत दाबमापक यंत्र फुटले, पण दाबलेल्या हवेत इंधन पेटते हे सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन स्वतःच्या बळावर सुमारे एक मिनिट फिरले. आणखी तीन वर्षे दुरुस्त्यांत गेली. १८९७ च्या फेब्रुवारीत म्युनिकचे प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली, तेव्हा इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. चांगल्या वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून अधिक असा हा आकडा होता. ठिकठिकाणच्या कारखानदारांनी निर्मितीचे हक्क विकत घेतले आणि डिझेल काही महिन्यांतच श्रीमंत झाले.

१९०० मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे मांडलेले एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालत होते. आफ्रिकेतील वसाहतींत पिकणाऱ्या शेंगांपासून तेथल्या तेथे शक्ती मिळावी, असा फ्रेंच सरकारचा त्यामागील हेतू होता. खनिज तेलासाठीच बनविलेले ते यंत्र वनस्पती तेलावरही सुरळीत चालले. त्याच प्रदर्शनात तरुण फर्डिनांड पोर्शे यांनी रचलेली विजेची मोटारही होती. तिच्या पुढच्या चाकांतच विद्युत मोटर बसविलेल्या होत्या. शिशाच्या जड बॅटरीचे ओझे कमी करण्यासाठी पोर्शे यांनी लवकरच पेट्रोल इंजिन आणि वीज यांची जोड असलेली गाडी तयार केली. आज गुरुग्रामच्या विक्री दालनात ग्राहकाला दाखविले जाणारे चारही पर्याय अशा रीतीने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच अवतरले होते.

त्या काळी मोटारीच्या शर्यतीत डिझेल इंजिन मात्र नव्हते. सिलिंडरमध्ये इंधन फवारण्यासाठी त्याला हवा दाबणारे अवजड यंत्र लागे. त्यामुळे ते प्रथम कारखान्यांत आणि पुढे जहाजांत बसले. १९१२ मध्ये सेलांडिया हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनांच्या बळावर कोपनहेगनहून बँकॉकपर्यंत जाऊन आले.

डिझेल यांचे लक्ष केवळ यंत्रावर नव्हते. वाफेचे प्रचंड इंजिन मोठ्या भांडवलदारालाच परवडते आणि लहान कारागीर मागे पडतो, याची त्यांना खंत होती. लहान इंजिन कारागिराच्या हाती यावे, असे त्यांना वाटे. १९०३ मध्ये त्यांनी कामगारांच्या सहकारावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, पण त्याला वाचक लाभले नाहीत. त्यांची इच्छा महाराष्ट्रात मात्र वेगळ्या प्रकारे फळली. किर्लोस्कर उद्योगसमूहाने १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली. वीज पोहोचली नव्हती अशा गावांत विहिरीवरचे इंजिन हा बागायतीचा आधार ठरला.

कीर्ती वाढत असताना डिझेल यांचे आयुष्य आतून पोखरले जात होते. एकस्वावरून वाद झाले, हक्क घेतलेल्या कारखान्यांकडून तक्रारी आल्या, डोकेदुखी आणि मानसिक थकव्याने त्यांना वारंवार ग्रासले. जमिनी आणि रोखे यांत गुंतविलेला पैसा बुडाला. २९ सप्टेंबर १९१३ च्या सायंकाळी अँटवर्प बंदरात ते इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन या बोटीत चढले. सहप्रवाशांसह भोजन करून, सकाळी सव्वासहाला उठवावे असे सांगून ते खोलीकडे गेले. सकाळी खोली रिकामी होती. त्यांची टोपी आणि ओव्हरकोट डेकवर सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह आढळला. खिशातील वस्तू काढून घेऊन तो पुन्हा पाण्यात सोडण्यात आला. त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे त्यांचे पुत्र ऑयगेन यांनी ओळखले. घरी पत्नीकडे ठेवलेल्या पिशवीत रोख रक्कम होती, पण बँकेतील खाती जवळजवळ रिकामी होती. घातपाताचा संशयही व्यक्त झाला, तरी बहुतेक चरित्रकार आत्महत्येकडेच निर्देश करतात. मृत्यूसमयी ते ५५ वर्षांचे होते.

त्यांचे इंजिन मोटारीत रुळले ते त्यांच्या मृत्यूनंतर. इंधन फवारणारे लहान पंप आल्यावर १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझ कंपनीने डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार बाजारात आणली. भारतात डिझेल दीर्घकाळ पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त राहिले. १९९८ मध्ये पुण्यात निर्माण झालेल्या टाटा इंडिकाने डिझेल मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली.

पण उच्च दाब आणि उच्च तापमान हे या इंजिनाच्या काटकसरीचे रहस्य असले, तरी त्याच स्थितीत नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात, आणि इंधन हवेत नीट न मिसळल्यास काजळीचे सूक्ष्म कण बाहेर पडतात. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. दिल्लीने त्याआधीच पाऊल उचलले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानुसार शहरातील बसगाड्या डिसेंबर २००२ पर्यंत नैसर्गिक वायूवर आणण्यात आल्या. ७ एप्रिल २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने राजधानी क्षेत्रात १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या चालविण्यास मनाई केली. पेट्रोल गाड्यांसाठी ही मर्यादा १५ वर्षे ठेवण्यात आली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई लागू ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने गाडीच्या केवळ वयावरून सक्तीची कारवाई करण्यास प्रतिबंध केला आणि डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण भारत स्टेज ४ व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते सीमित केले.

महाराष्ट्रातून बदली होऊन दिल्लीत येणाऱ्या कुटुंबाने हा इतिहास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुण्यात विचारपूर्वक घेतलेली डिझेल मोटार राजधानीत अडचणीची ठरू शकते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यापासून स्वस्ताईचा जुना आधारही क्षीण झाला आहे. महामार्गावर दररोज लांबचा पल्ला गाठणाऱ्यालाच डिझेलची काटकसर खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. रिंग रोडवरील थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत हायब्रीड मोटार ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून पुन्हा वापरते. घरी चार्जिंगची सोय असेल, तर विजेची मोटार शहराच्या हवेत धूर सोडत नाही, मात्र भारतातील बरीचशी वीज अद्याप कोळशापासून निर्माण होते. वापर कमी असेल, तर साधी पेट्रोल मोटारही पुरेशी ठरते.

रुडॉल्फ डिझेल यांनी इंधनातील उष्णतेपैकी किती कामी आली, एवढे मोजले आणि त्या मोजमापात ते अचूक ठरले. त्या उष्णतेमागून निघणारा धूर कोणाच्या श्वासात जातो, हा रकाना त्यांच्या वहीत नव्हता. राजधानीत मोटार निवडणाऱ्याला त्यांचा हिशेब वापरावाच लागेल, पण त्यात हा रकाना स्वतः भरून.