रंगांनी अडवले, रेषेने तारले

सांगली जिल्ह्यातील कडेगावला लागून असलेल्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी वसली आहे. ही उद्योगनगरी उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर घराबाहेर पडले होते ते चित्रकार व्हायला.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. वडिलांचा विरोध असतानाही थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. रेखाटनाचा हात उत्तम, पण लक्ष्मणराव अंशतः रंगांध होते. रंगांधत्व तपासणारे इशिहारा तक्ते निघाले १९१७ मध्ये. तोवर चित्रातील चुकीचे खापर निष्काळजीपणावर फुटणे सहज शक्य होते. दोन वर्षांत त्यांना चित्रकला सोडावी लागली.

मेंदूच्या जडणघडणीतील वैविध्याचा विचार १९९०च्या दशकात स्वमग्नता, अक्षरांधत्व यांच्या संदर्भात पुढे आला. रंगांधत्व काटेकोरपणे त्यात बसत नाही. त्याचे मूळ बहुधा दृष्टिपटलातील शंकूपेशींत असते. प्रश्न मात्र तोच आहे. वेगळ्या घडणीच्या मुलावर ‘ढ’ असा शिक्का बसला, की त्याचा जाच मनाला होतो. झोप, भूक, प्रकृती यांवरही तो उमटतो.

लक्ष्मणरावांना यंत्रचित्रणाने हात दिला. तेथे माप आणि रेषा यांना महत्त्व. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले. पुढे बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला आले. रामूअण्णांसह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे पहिला नांगर खपायलाच दोन वर्षे गेली!

बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. ते स्वतः चित्रकार होते, हा योगायोग मोठा गमतीचा. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकरांचा माळ आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंगाने भरलेल्या, सापांचा सुळसुळाट असलेल्या त्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव पंचवीस कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसह उतरले.

त्या वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्यांनाही तेथे काम मिळे आणि रात्रीचा पहारा त्यांच्यावर सोपवला जाई. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.